नवे पात्र येते तेव्हा कॅमेरा कोणाकडे बघतो?

मराठी मालिकांचे भाग पाहण्यापेक्षा त्यांचे प्रोमो पाहणे मला अधिक आवडते, असे मी सांगितले की ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते. पण मी ते गंभीरपणे म्हणते. मालिकेच्या एका भागात जे बावीस मिनिटे रेंगाळत राहते, ते प्रोमोला वीस-तीस सेकंदांत उरकायचे असते. त्यामुळे मालिका लिहिणाऱ्यांच्या मनात प्रेक्षकांविषयी, घराविषयी आणि नात्यांविषयी काय काय गृहीत धरलेले असते, ते प्रोमोत उघडे पडते. विशेषतः एखादे नवे पात्र येणार असेल तेव्हा. बरीच वर्षे हे प्रोमो पाहून माझे असे मत झाले आहे की नव्या पात्राची ओळख करून देताना प्रोमो त्या पात्राविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याच्या येण्याने घरातल्या कोणाचे काय जाणार आहे, एवढेच तो सांगतो, आणि म्हणून त्यातला कॅमेरा नव्या माणसापेक्षा जुन्या माणसांच्या चेहऱ्यांवर अधिक वेळ थांबतो.

कोणत्याही एका मालिकेवर आळ न घेता, अनेक प्रोमोंमधून जुळवलेला एक नमुना पाहू. घरात पूजा चालू आहे, किंवा बारसे, किंवा नायिकेच्या लग्नाचा वाढदिवस; म्हणजे सगळी माणसे एका दिवाणखान्यात उभी करण्यासाठी काहीतरी निमित्त आहे. नायिकेच्या हातात आरतीचे तबक आहे. दाराची बेल वाजते. कोणीतरी म्हणते, ‘आता या वेळी कोण आलं असेल?’ दार उघडते, आणि आपल्याला दिसतात फक्त पावले, मग चाकांची बॅग, मग पाठमोरी आकृती. यानंतर कॅमेरा त्या आकृतीच्या मागे जाऊन घराकडे तोंड करून उभा राहतो आणि एकेका चेहऱ्यावर झेपावतो. सासूच्या हातातला तांब्या सुटतो, नवरा नजर चोरतो, धाकट्या जावेच्या ओठांवर बारीक हसू उमटते, आजी देवाकडे पाहते. नायिकेचा चेहरा सर्वांत शेवटी येतो आणि त्याच क्षणी तबकातले निरांजन फडफडते. नव्या पात्राने अजून एक शब्दही उच्चारलेला नसतो. तरीही आपल्याला कळलेले असते की ही बाई नवऱ्याच्या भूतकाळातली आहे, सासूला ती ठाऊक आहे, धाकट्या जावेनेच तिला बोलावले आहे आणि आजी नायिकेच्या बाजूची आहे. मग पडद्यावर नाव, वार आणि वेळ.

ही रचना आळसातून आलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. सासू कधी घाबरते आणि जाऊ कशाने खूश होते, हे रोज पाहणाऱ्या प्रेक्षकाला पाठ असते. नवा माणूस मात्र कोरा आहे. त्याचा राग, त्याचे प्रेम, त्याची लबाडी यांपैकी काहीही तीस सेकंदांत पटवून देता येणार नाही. पण आधीच ओळखीच्या असलेल्या पाच चेहऱ्यांवर पाच वेगवेगळ्या प्रतिक्रिया दाखवल्या की प्रेक्षक स्वतःच बेरीज करतो. शिवाय संध्याकाळी सात ते दहा ही मालिकांची वेळ म्हणजे घराघरांत स्वयंपाकाची आणि जेवणाची वेळ. ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटणारी बाई मालिका पुष्कळदा पाहत नसते, ऐकत असते. म्हणून प्रोमोत नाते कोणाच्या तरी तोंडून मोठ्याने वदवून घेतले जाते. ‘तू? इथे?’ हे वाक्य आपल्याला हास्यास्पद वाटते, पण ते पडद्याकडे पाठ असलेल्या माणसासाठी लिहिलेले आहे आणि त्याचे काम चोख बजावते.

याच्या उलट रीत आपल्या जुन्या रंगभूमीची होती. कोकणातल्या दशावतारात राजा रंगमंचावर आला की आपण कोण, कुठले, कशासाठी आलो, हे स्वतःच सांगतो. संगीत नाटकात सूत्रधार आणि नटी येऊन पुढच्या खेळाची वाट मोकळी करून देत. पात्राला स्वतःची ओळख सांगण्याचा अधिकार होता. मालिकेच्या प्रोमोने तो काढून घेतला आणि घरच्यांच्या हाती दिला.

अर्थात हे झाले चालू मालिकेत मध्येच येणाऱ्या पात्राचे. नवी मालिका सुरू होते तेव्हा जुने चेहरे नसतातच, आणि तिथे वाहिन्यांना दुसरे आधार शोधावे लागतात. पहिला आधार नावाचा. ‘होणार सून मी ह्या घरची’, ‘माझ्या नवऱ्याची बायको’, ‘अग्गंबाई सासूबाई’, त्याआधी ‘चार दिवस सासूचे’, ही नावे एकापुढे एक ठेवून पाहिली की लक्षात येते की एकाही नावात व्यक्ती नाही, नाते आहे. पात्राचे नाव कळण्याआधी तिचे घरातले स्थान कळते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या नावाने तर तीन माणसांची ओळख एका दमात उरकली: बोलणारी राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्या दोघांमध्ये येणारी शनाया. 2016 साली ही मालिका सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला पुढची भांडणे दिसू लागली होती. नातेच ओळख ठरवणार असेल, तर नावातच ते सांगून मोकळे होणे हा प्रामाणिकपणाच म्हणायचा.

दुसरा आधार बोलीचा आणि गावाचा. राधिका नागपूरची, वऱ्हाडी वळणाने बोलणारी. तिने तोंड उघडले की मुंबईच्या घरात ती परकी ठरणार, हे वेगळे सांगावे लागत नव्हते. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला राणा म्हणजे कोल्हापूरचा पैलवान, म्हणजे लाल माती, शेत आणि ते विशिष्ट ठसक्याचे बोलणे. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी बोली आणि आकेरीचा वाडा यांवरच निम्मे काम भागवले. बोलीचा असा उपयोग मला आवडतो, कारण त्यात माणसाची एक खरी खूण असते. पण तो फार लवकर शिक्क्यात बदलतो, हेही खरे. कोल्हापूरचा म्हणजे रांगडा आणि पुण्याचा म्हणजे खवचट, एवढ्यावर पात्र संपते आणि मग बोलीचा हेलही दोन महिन्यांत विरतो.

तिसरा आधार नटाच्या पूर्वपुण्याईचा. 2013 साली ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी म्हणून तेजश्री प्रधान घरोघरी पोचल्या. 2019 मध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’त त्या शुभ्रा झाल्या आणि 2023 मध्ये ‘प्रेमाची गोष्ट’मध्ये मुक्ता. या दोन्ही वेळा नव्या पात्राची बाजू प्रोमोला मांडावी लागलीच नाही, कारण जान्हवीचा समजूतदारपणा प्रेक्षकांनी परस्पर पुढच्या भूमिकेच्या खात्यात जमा केला होता. चित्रपटांतून आलेल्या श्रेयस तळपदे यांना 2021 मध्ये ‘माझी तुझी रेशीमगाठ’साठी आणले गेले, तेव्हाही हाच हिशेब होता. चेहरा ओळखीचा असला की प्रोमो अर्धा जिंकलेला असतो.

या तिसऱ्या आधाराचा सर्वांत हुशार उपयोग मला ‘तुला पाहते रे’मध्ये दिसला. 2018 साली ही मालिका आली, तेव्हा सुबोध भावे यांच्याविषयी प्रेक्षकांच्या मनात कमालीचा विश्वास होता. मोठमोठ्या कलावंतांच्या भूमिका केलेला, सभ्य, सुसंस्कृत नट अशी त्यांची प्रतिमा होती. विक्रांत सरंजामे हा वयाने मोठा, श्रीमंत उद्योजक आणि ईशा निमकर ही चाळीतली साधी मुलगी, यांच्या वयातल्या अंतरावर प्रोमोने सगळे लक्ष वेधले. प्रेक्षक भांडले ते त्याच एका मुद्द्यावर: एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लहान मुलीच्या प्रेमात पडावे की नाही? हा माणूस मुळात चांगला आहे का, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण प्रोमोने तो विचारूच दिला नाही. पुढे विक्रांतच खलनायक निघाला, आणि शिल्पा तुळसकर यांची राजनंदिनी कथेत आल्यावर आधीच्या सगळ्या गोड प्रसंगांचा अर्थ फिरला. कथेचे पुढे जे व्हायचे ते झाले, पुनर्जन्माच्या वळणावर माझा तर धीर सुटला. पण पात्राची ओळख करून देता देता ते लपवून ठेवण्याचे काम त्या सुरुवातीच्या प्रोमोंनी जितके सफाईने केले, तितके मराठीत क्वचितच झाले असेल.

बहुतेक वेळा मात्र लपवाछपवीला जागाच नसते, कारण खलनायिकेला प्रोमोत पाहताक्षणी ओळखता यावे अशीच सोय केलेली असते. मोकळे सोडलेले सरळ केस, बिनबाह्यांचा ब्लाउज, गडद लिपस्टिक, इंग्रजी मिश्रित बोलणे, आणि समोर अंगभर पदर घेतलेली, हातात ताट धरलेली नायिका. याबद्दल मला मनापासून राग आहे. प्रेक्षकांतल्या कितीतरी मुली नोकरीला जाताना तसेच कपडे घालतात आणि तसेच बोलतात; त्यांच्या आयांनी, सास्वांनी रोज रात्री हे चित्र पाहायचे आणि त्यातून माणूस ओळखायला शिकायचे, हे काही निरुपद्रवी नाही. नव्या पुरुष पात्राला अशी परीक्षा द्यावी लागत नाही. त्याच्या वाट्याला गाडीचे उघडणारे दार, चकचकीत बूट, मनगटावरचे घड्याळ आणि संथ चाल येते. तो चांगला की वाईट, हे ठरवायला प्रेक्षकाला वेळ दिला जातो.

‘आई कुठे काय करते’मधल्या आशुतोष केळकरच्या आगमनाची गोष्ट यासंदर्भात निराळी होती. अरुंधतीने पंचवीस वर्षे संसार केला, अनिरुद्धने संजनासाठी तो मोडला, आणि त्यानंतर 2021 मध्ये तिचा कॉलेजातला जुना मित्र कथेत आला. हे पात्र ओमकार गोवर्धन यांनी केले. नायिकेच्या आयुष्यात दुसरा पुरुष आणायचा आणि तरीही तिच्यावर बोट उठू द्यायचे नाही, अशी ही अडचण होती. पण ही मालिका मुळात ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली, आणि त्याच कथेवरची हिंदी ‘अनुपमा’ही त्याच काळात गाजत होती. दोन्ही मालिका पाहणाऱ्या बायका आमच्या ओळखीत पुष्कळ होत्या आणि हिंदीतला अनुज कपाडिया पाहून मराठीत कोण येणार, हे त्यांनी आधीच ताडले होते. म्हणजे नव्या पात्राची ओळख करून देण्यापूर्वीच ते दुसऱ्या नावाने ओळखीचे झालेले. अशा वेळी ‘कोण येणार’ हे कुतूहल शिल्लक राहत नाही. ‘आपला कसा असेल’ एवढेच उरते, आणि तुलना मात्र पहिल्या फ्रेमपासून सुरू होते. एकाच कथेच्या अनेक भाषांतल्या आवृत्त्या निघू लागल्यापासून प्रोमो करणाऱ्यांचे काम अवघड झाले आहे ते यामुळे. ‘ठरलं तर मग’ही ‘रोजा’ या तमिळ मालिकेवरून आलेली आहे, पण तमिळ मालिका आपल्याकडे फारशी कोणी पाहत नसल्यामुळे तिला ही अडचण आली नाही.

पात्र तेच आणि चेहरा नवा, हा प्रकार मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. शनाया आधी रसिका सुनील होत्या, 2018 मध्ये ईशा केसकर आल्या आणि 2020 मध्ये पुन्हा रसिका सुनील परतल्या. संजना आधी दीपाली पानसरे करीत, टाळेबंदीनंतर रूपाली भोसले करू लागल्या. 2025 च्या जानेवारीत ‘प्रेमाची गोष्ट’मधली मुक्ता स्वरदा ठिगळे झाल्या. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांत अशा वेळी निवेदक सरळ सांगत असे की अमुक भूमिका यापुढे अमुक कलाकार करील. आपल्याकडे ते काम पुन्हा घरच्यांवरच पडते. नव्या चेहऱ्याला जुनी साडी, जुने मंगळसूत्र, जुनी केशरचना दिली जाते, आणि दुसरे पात्र त्या चेहऱ्याकडे पाहून जुन्याच नावाने हाक मारते. हाक मारणाऱ्याच्या आवाजात जराही संकोच नसतो. प्रेक्षकाने आठवडाभर कुरकुरावे आणि मग मान्य करावे, अशी ही योजना असते, आणि ती बहुधा यशस्वी होते.

‘अग्गंबाई सासूबाई’ संपून 2021 मध्ये तिचे ‘अग्गंबाई सूनबाई’ झाले, तेव्हा हे अगदी स्पष्ट दिसले. कथा काही वर्षे पुढे नेली होती. शुभ्राच्या जागी उमा पेंढारकर, सोहमच्या जागी अद्वैत दादरकर, आणि स्वभावही बदललेले. आधीची शुभ्रा ठाम होती, ही नवी शुभ्रा मिटलेली. मात्र निवेदिता सराफ यांची आसावरी आणि गिरीश ओक यांचे अभिजित राजे कायम ठेवले होते. हे दोघे नसते, तर ती सरळ दुसरीच मालिका ठरली असती. आसावरीने ज्या मायेने त्या अनोळखी मुलीला ‘शुभ्रा’ म्हटले, त्या मायेच्या भरवशावर प्रेक्षकाने तिला शुभ्रा मानले. नव्या माणसासाठी जामीन राहणारे जुने माणूस, अशी ही व्यवस्था आहे.

अण्णा नाईक हे या सगळ्यांत वेगळेच प्रकरण. ‘रात्रीस खेळ चाले’चे पहिले पर्व 2016 मध्ये आले ते अण्णांच्या मृत्यूपासून सुरू होऊन. घरातली माणसे त्यांच्याविषयी बोलत, कुजबुजत, भीत. ते स्वतः मात्र नव्हते. 2019 मध्ये दुसरे पर्व आले ते भूतकाळात जाणारे, आणि माधव अभ्यंकर यांनी अण्णा प्रत्यक्ष उभे केले. म्हणजे पूर्ण एक पर्व इतरांच्या तोंडून ओळख करून दिलेला माणूस तीन वर्षांनी पडद्यावर आला. त्यांच्यासोबत अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता आली आणि ती अण्णांइतकीच गाजली. मी वर जे म्हटले, की पात्राची ओळख दुसऱ्यांच्या प्रतिक्रियांतून होते, त्याचे इतके लांबलचक आणि इतके परिणामकारक उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. ते आधीपासून ठरवलेले असो वा पहिले पर्व गाजल्यावर सुचलेले असो, प्रेक्षकाच्या मनात तोवर अण्णांची मूर्ती तयार झालेली होती आणि नटाने फक्त तिच्यात शिरायचे होते.

आता प्रोमो आणि प्रत्यक्ष भाग यांच्यातल्या तफावतीविषयी. पुष्कळांना वाटते की प्रोमो म्हणजे येणाऱ्या भागातले निवडक तुकडे. रोजच्या प्रोमोंबाबत ते खरे असते. पण मोठ्या एन्ट्रीचे प्रोमो अनेकदा स्वतंत्रपणे चित्रित केलेले असतात आणि ते काम वाहिनीच्या प्रोमो विभागाचे असते, मालिका बनवणाऱ्या निर्मिती संस्थेचे एकटीचे नसते. त्यामुळे प्रोमोतली साडी भागात दिसत नाही, प्रोमोतला पाऊस भागात पडत नाही, आणि प्रोमोत दारात उभी राहिलेली बाई भागात फोनवर येते. क्वचित ती नायिकेच्या स्वप्नातच येऊन जाते, आणि प्रेक्षकाला ती फसवणूक अगदी झोंबते. यामागचे कारण साप्ताहिक आहे. बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून मोजले जातात आणि पुढच्या गुरुवारी हाती येतात. आकडा घसरला की पुढच्या आठवड्यासाठी काहीतरी हलवावेच लागते, आणि नव्या माणसाला दारात उभे करणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय. रविवारचा महाएपिसोड ठरला की त्याच्या प्रोमोत बेल वाजणार, हे आता आमच्या घरातली शाळकरी मुलेही सांगतात.

पूर्वीच्या मालिकांत हे असे नव्हते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. 1999 साली अल्फा मराठीवर, म्हणजे आताच्या झी मराठीवर, ‘आभाळमाया’ आली, तेव्हा सुधा जोशीच्या घराची ओळख प्रामुख्याने शीर्षकगीतातून होत असे. मंगेश कुळकर्णी यांचे शब्द, अशोक पत्की यांची चाल आणि देवकी पंडित यांचा आवाज रोज कानांवर पडे, आणि त्या गीतानेच घराचा स्वभाव ठरवून टाकला होता. आज शीर्षकगीत दोन-चार ओळींत आटोपते, काही वेळा लागतही नाही, आणि ओळख करून देण्याची सगळी जबाबदारी प्रोमोवर येऊन पडते. शिवाय प्रोमो आता टीव्हीवर दिसण्याआधी फोनवर दिसतो. वाहिनीच्या पानावर तो आला की तासाभरात प्रेक्षक त्या पात्राला नाव ठेवून मोकळे होतात: ही कोणत्या मालिकेत होती, हिचे वय किती, हिला ही भूमिका शोभते का. त्या पात्राने पडद्यावर पहिले वाक्य बोलण्याआधीच त्याच्याविषयीचे मत तयार झालेले असते. पूर्वी सासू, जाऊ आणि आजी यांच्या चेहऱ्यांवर जे दिसायचे, त्यात आता हजारो अनोळखी लोकांच्या शेऱ्यांची भर पडली आहे.

एवढा सगळा थाट येण्यासाठी केला जातो, जाण्यासाठी मात्र काहीच होत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. ज्या दिराच्या आगमनासाठी पंधरा दिवस पाठमोरे प्रोमो दाखवले, तो दीर ट्रॅक संपल्यावर एका सकाळी बंगळुरूला नोकरीसाठी गेल्याचे चहा पिता पिता कळते. जिने घर हादरवून सोडले, ती बाई महिन्याभरात मावशीकडे राहायला जाते आणि ती मावशी कोण, हे आपल्याला शेवटपर्यंत दाखवले जात नाही. मुख्य खलनायिकेला निदान पोलिसांची गाडी तरी मिळते. बाकीच्यांची नावे हळूहळू संवादांतून गळत जातात, त्यांची खोली दुसऱ्या कोणाला तरी दिली जाते, आणि घरातल्या माणसांपैकी एकालाही त्यांची आठवण येत नाही.